अर्पिताच्या आणि माझ्या मेंदूचे फोटो

मुरुम, मंगळवार

तीर्थस्वरूप गौरीशंकर दाजींना शंभुलिंगचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळं सध्या कागदावरच). आपली शुगर आणि आमच्या अक्काचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. धाकट्या कृष्णराजच्या लग्नाचं आमंत्रण पावलं. "अर्पिताला मातर घरीच ठिवा, पाव्हण्यांत बरं दिसत न्हाय," ही सूचनाही पावली.

आपण मागं म्हणाला होता, की माझ्या या नातीच्या डोक्यातला नेमका कोणता भाग बिघडलाय ते एकदा बघून घ्या. योगायोगानं पुण्यात ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूच्या रचनेवर संशोधन चालू आहे, आणि तुलनेसाठी घरच्यांचेही फोटो काढतात, एमआरआयच्या बोगद्यासारख्या यंत्रात निजवून. साधं माणूस म्हणून मी माझं नाव दिलं (घरात दुसरं कोणी साधं सापडलं नाही). सूनबाई सोनालीनं पोरीला दहा दिवस खाटेखाली निजवून, मोबाइलवर त्या यंत्राचा आवाज लावून सराव करून घेतला. मी हसलो. निजायला कसली आलीय शिकवणी?

आत जायच्या आधी अंगावरचा धातू काढायला सांगितला. कमरेचा चांदीचा करगोटा (चाळीस वर्षांत सुटला नव्हता) साबण लावून निघाला. मग हलायचं नाही, बोलायचं नाही. यंत्रानं ठकठक सुरू केली, तसा मी सवयीनं म्हणालो, "कोण हाय? या की, आत या!" असं तीनदा झालं. मग बाहेरून कोणीतरी "काका, बरं वाटतंय ना?" विचारलं, तर मीही मान हलवून त्याच्या घरची खुशाली विचारली. फोटो सगळे हलले. अर्पिता मात्र त्याच यंत्रात पाऊण तास निश्चल पडून राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, तुमी लई बोलता." दाजी, मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाईंना आपला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, शेकडो फोटो एकत्र ठेवले की बारीक फरक दिसतात. एकट्या फोटोवरून कोण कसं ते ओळखता येत नाही. आणि फरक म्हणजे बिघाड नव्हे. तिचे फोटो त्यांनी अभ्यासाला ठेवून घेतले, माझे बाद केले.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, अक्काला यातलं जे सोसेल ते.

आपला,
शंभुलिंग

ता. क. : अर्पिता लग्नाला येणार. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कानांवर हेडफोन असेल, तो कोणी काढायला लावू नये. बँड मांडवाबाहेर ठेवावा. जमत नसेल तर मीही येत नाही. अक्षता पडताना नवरदेवामागं मामा लागतो, आणि कृष्णराजला दुसरा मामा नाही.

पुन्हा ता. क. : मला तेवढा वेळ गप्प उभं राहता येत नाही, हे आता शास्त्रानं सिद्ध झालंय. म्हणून अर्पिता माझा हात धरून शेजारी उभी राहणार आहे. तिनं कबूल केलंय. नाहीतर आपले फोटो हलतील.