आईच्या नावाला ओ

रविवार, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

नाहीच ऐकलंस ना शेवटी? "तुला काय कळतंय, तू चौथीतनं पळालेला," म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. पत्र मधेच कापता येत नाही. अक्षराला हसू नकोस.

मी बरा आहे. बर्फखान्यात मासळीच्या पेट्या उचलतो, बोटं बधिर होतात, तेवढंच. मुकादम म्हणतो, "दोन महिने एका जागी टिकलास, आजारी आहेस का?" भाऊजींचा गुडघा कसा आहे?

आता मुद्द्याचं. आई गेली तेव्हाच बचत गटाच्या साहेबाला सांगितलं असतं तर तिचं कर्ज विम्यात फिटलं असतं. पण पाचातली एक बाई कमी झाली की गट मोडतो आणि तुझ्या शिलाई मशीनचं कर्ज अडतं. म्हणून तुम्ही चौघींनी ठरवलं, मशीन येईपर्यंत आई जिवंत. साहेब नवा, मान खाली घालून नावं वाचणारा. दर मंगळवारी आईचं नाव आलं की तू मागून आवाज बारीक करून "हजर" म्हणायचीस, तिचा हप्ताही तूच भरायचीस. मला सांगताना हसलीस. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग परवा साहेबाचा फोन आला. आईच्या अर्जावर माझा नंबर आहे. म्हणाला, "आईंना जरा समजवा. बैठक संपली तरी उठत नाहीत. मी सतरंजी गुंडाळायला थांबतो, त्या आपल्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मंगळवारी विचारलं, मावशी, घरी नाही जायचं? तर म्हणाल्या, नाव घेतलंत म्हणून आले, आता पाठवा की."

मला वाटलं, तूच सोंग वाढवलंस. शिव्या घालायलाच तुला फोन केला. तर तू मंगळवारी तापाने अंथरुणात! हप्ता शेजारणीकडे दिलेला. शेजारणीला वाटलं, ओ सुताराच्या बायकोने दिली. सुताराच्या बायकोला वाटलं, गिरणीवालीने. गिरणीवाली तर शपथेवर सांगते, मी नाही.

"दिली असेल रे कुणीतरी, हप्ता जमा झाला ना," असं म्हणालीस तू.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. साहेबाने शेवटी विचारलं, "तुमच्यात भिंगरी कोण? त्या म्हणाल्या, भिंगरीला सांगा, बसून बसून पाय दुखतात."

ताई, आई मला या नावाने फक्त आम्ही दोघंच असताना हाक मारायची. तुलाही माहीत नव्हतं.

आणि मी साहेबाला काय म्हणालो? "समजावतो आईला." तोंडातून 'ती गेली' निघेचना. वाटलं, पुढच्या मंगळवारी परत काही निरोप देईल.

पण पाय दुखतात म्हणते गं ती.

विम्याची वेळ तर गेली, तिचं राहिलेलं कर्ज एकदम फेड. बैठकीत उभी राहा आणि मोठ्याने सांग, आई गेली. गट मोडला तर मोडू दे, मशीनचं मी थोडं थोडं बघतो. गाडी चालवायचा परवाना काढायला पैसे साठवत होतो, ते राहिलं. साहेबाने सवयीने पुन्हा नाव वाचलं तर कुणी ओ देऊ नका, खोकूसुद्धा नका. ओ आलीच, तर भिंतीकडे बघून म्हण, "आई, जा आता." मला नाही जमायचं.

तुझा धाकटा

साहेबाला विचारून घेतलंय, एवढ्या पैशांत आईचं नाव कटतं. सोबत पाठवतोय, चौदा हजार सहाशे.