चंद्राचा रंग आणि माझी बदनामी

ती. स्व. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या जिन्याचा डुगडुगता कठडा, तिघांच्याही प्रकृती कळव. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. (यातल्या ‘सर्व’मध्ये मी धरलेला नाही.)

मावशीने तुला फोन करून सगळं सांगितलं असेलच. ती त्या दिवशी सभागृहात नव्हती, म्हणजे तिला तपशील जास्त माहीत असणार. शिवाय ती हसत हसत सांगते आणि मधले शब्द गिळते, त्यामुळे ऐकणाऱ्याला फक्त मी आणि गाढव एवढंच कळतं. म्हणून खरी हकिगत लिहून कळवतो.

मी रंगाच्या दुकानात छटा विभागाचा प्रमुख होतो हे तुला ठाऊकच आहे. (विभागात मी एकटाच होतो, पण प्रमुख होतो.) गिऱ्हाईक छटांच्या पुस्तकात एका चौकोनावर बोट ठेवतं, मी त्याखालचा क्रमांक यंत्रात घालतो, यंत्र पांढऱ्या डब्यात काय ते थेंब सोडून डबा गदगदा हलवतं, झालं काम. कोणी विचारलंच की बैठकीच्या खोलीला काय शोभेल, तर मान जराशी तिरकी करून म्हणायचं, “ते तुमच्या स्वभावावर आहे.” मग नवरा-बायको एकमेकांचा स्वभाव काढत बसतात आणि शेवटी क्रमांक घेऊन येतात. मोठ्या इमारतींचे रंग मात्र मालक मलाच निवडायला सांगायचे. इतकी वर्षं अशी सुखात गेली.

मध्यंतरी एक यान गुरूच्या एका चंद्राजवळून गेलं. थांबलं वगैरे नाही. आपले व्याही गावात येऊन घरी न येता परस्पर निघून जातात, तसं. पण जाता जाता त्याने फोटो काढले. तो चंद्र बर्फाने मढलेला आहे आणि त्या बर्फाला सगळीकडे लांबच लांब भेगा पडल्या आहेत. फोटो येतात ते काळे-पांढरे. एकच दृश्य लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळं टिपलेलं असतं. ते एकावर एक नीट बसवले की रंगीत चित्र तयार होतं, आणि हे काम कोणाही हौशी माणसाने घरबसल्या करावं म्हणून फोटो सगळ्यांना खुले ठेवलेले असतात. कोणाही हौशी माणसाने! ताई, मला आजवर ‘कोणाही’मध्येसुद्धा कोणी धरलं नव्हतं.

आमच्याकडे अवकाशप्रेमींचं एक मंडळ आहे. अध्यक्ष करखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे गुरूकडेही ते काहीतरी लपवलंय अशाच नजरेने बघतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या कृष्णविवरालासुद्धा शिस्त लावतील. एक दंतवैद्य आहेत, ते फक्त इतरांची तोंडं उघडी बघायला येतात. वाचनालयाच्या माडीवर जमायचं, परदेशातल्या हौशी लोकांनी केलेली चित्रं पडद्यावर बघायची आणि “आपल्याकडे असं होत नाही” म्हणून चहा प्यायचा, एवढंच मंडळाचं कार्य. मी एका बैठकीत उठून म्हणालो, हे चित्र मी करतो, माझा धंदाच रंगाचा आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाने घरी जाऊन झोपावं, हे मला उशिरा कळलं.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवू लागले. पहिला कच्चा फोटो कौतुकाने तुझ्या भावजयीला दाखवला, तर ती म्हणाली, “टाचेला भेगा पडल्यात, मलम लावा.” गुरूच्या चंद्राबद्दल, ताई! त्या दिवसापासून मी पडदा भिंतीकडे वळवून बसायला लागलो. थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघराच्या भिंती ऐकून घरी यायचं आणि जिथे अजून कोणाचा हात लागलेला नाही अशी ती एवढी मोठी पांढरी जमीन समोर उघडायची, याचं मला खरंच सुख होतं. दोन फोटोंच्या कडा जुळल्या आणि एक भेग या फोटोतून त्या फोटोत सलग गेली की मी टेबलावर थाप मारायचो. शेजारच्या खोलीतून “काय सांडलं?” असा आवाज यायचा.

भेगांचा रंग तांबूस तपकिरी असतो असं मी वाचलं होतं. संगणकावरच्या रंगांच्या पट्ट्या पुढे-मागे सरकवत मी तो आणला. अगदी ओल्या मातीसारखा. चित्र मंडळाला पाठवलं. मग अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, “या रंगाची तुम्हाला खात्री आहे?” मी म्हणालो, खात्री? रंगात उभा जन्म गेला माझा! “मग आता कोणाशी एक अक्षर बोलू नका,” ते म्हणाले, “रंगाबद्दल तर मुळीच नाही.” मला वाटलं, मत्सर होऊ नये म्हणून. मुख्याध्यापिकांनी घरी येऊन माझा हात हातात घेतला आणि चहाही न घेता गेल्या. दंतवैद्यांनी दाढ फुकट साफ करून दिली. जाहीर प्रदर्शन ठरलं. चित्र दाराएवढं छापून घेतलं आणि वर फलक लागला: ‘दूरच्या चंद्रावर जीवनाच्या खुणा?’ त्यातलं प्रश्नचिन्ह इतकं बारीक होतं की मी ते माशीचं काम समजून पुसायला गेलो. ‘जीवन’ हा शब्द मला जरा मोठा वाटला, पण स्वतःच्या कौतुकात दुरुस्त्या सुचवणं बरं दिसत नाही.

सभागृह भरलं होतं. आमचे मालक पहिल्या रांगेत, तुझी भावजय तिसऱ्या. अध्यक्षांनी मानवजातीपासून सुरुवात करून मंडळाच्या वर्गणीपर्यंत भाषण केलं आणि चित्रावरचा पडदा मला बाजूला ओढायला लावला. लोकांनी “आ” केला. (दंतवैद्य खूश.) मग मी छडी घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “बर्फावरच्या या तांबूस तपकिरी भेगा बघा.”

कुजबुज झाली. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “तपकिरी काय? हिरव्या म्हणा.”

“हिरव्या कशाला म्हणू? तपकिरी आहेत.”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “अहो, हिरव्यागार आहेत त्या! शेवाळ्यासारख्या!”

मी हसून लोकांना सांगितलं की ही माझी पत्नी, हिला या विषयातलं काही कळत नाही, आणि जाणकार म्हणून मालकांना वर बोलावलं. मालक चित्रासमोर उभे राहिले, मग माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी खिशातून छटांची छोटी पुस्तिका काढली, क्रमांकांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “यातला हिरवा दाखवा.” मी बेधडक बोट ठेवलं. “हा विटकरी,” मालक म्हणाले. “आता विटकरी दाखवा.” मी दुसऱ्यावर ठेवलं. त्यांनी पुस्तिका मिटली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून, एकेक करून, आजवर माझ्या सल्ल्याने रंगवलेल्या सगळ्या इमारती सरकत गेल्या असाव्यात, कारण मध्येच ते “अरे देवा, प्रसूतिगृह!” असं पुटपुटले. दंतवैद्य मोठ्याने म्हणाले, “याला रंगांधळेपणा म्हणतात.” माणूस आनंदाने किती मोठ्याने बोलू शकतो ते मी तेव्हा ऐकलं.

माझे कान तापले. छडी कुठे ठेवावी ते सुचेना. पण ताई, माझ्यापेक्षा मोठा पराक्रम मंडळाने केला. मला वाटलं, आता फलक उतरवतील, लोकांची क्षमा मागतील. छे! अध्यक्षांनी तिथेच तातडीची बैठक घेतली आणि ठराव केला की चित्रकाराच्या डोळ्यांतील दोषामुळे शोधाच्या सत्यतेला बाधा येत नाही. उलट, ज्याला हिरवं दिसतच नाही तो मुद्दाम हिरवं कसं करेल, असा मुख्याध्यापिकांचा बिनतोड मुद्दा होता. ठराव एकमताने मंजूर झाला. नंतर संस्थेच्या प्रतिष्ठेसाठी माझं सभासदत्व रद्द झालं आणि चित्राखालचं माझं नाव कागद चिकटवून झाकलं. चित्र अजून वाचनालयात लटकतं आहे. रोज दोन-चार माणसं त्या हिरवळीकडे बघून डोळे पुसतात म्हणे. मी कच्चे फोटो घेऊन कोणालाही समजावायला तयार आहे की तिथे तसं काही नाही, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? मला दिसत नाही ना!

घरी आल्यावर मी तुझ्या भावजयीला खडसावून विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, लग्न ठरल्यावर तुम्ही मला मातकट म्हणून पोपटी स्वेटर आणून दिलात, तेव्हा मला वाटलं, पुरुषांना रंगांची नावं येत नसतील. पुढे दुकानात बढती मिळाली, मग वाटलं माझंच चुकत असेल. दुकानात मालकांनी मला तात्पुरतं ब्रश, भेगा बुजवायची लांबी आणि शिड्यांकडे बसवलं आहे. शिडीला रंग नसतो. लोक मुद्दाम येऊन “यातली हिरवी शिडी कोणती हो?” विचारतात. मी मान तिरकी करतो, पण आता तिचा उपयोग होत नाही.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. मी चंद्र वगैरे सगळं सोडून दिलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. सोडून दिलं म्हणजे रंग सोडून दिले. काळे-पांढरे फोटो अजून जुळवतो. त्यात मी कोणाला हार जाणार नाही.

ता. क. २. तू डोळ्यांची डॉक्टर आहेस म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिलं असं मनातही आणू नकोस. पण तुझ्या दवाखान्याच्या कागदावर, माझी दृष्टी सर्व रंगांच्या बाबतीत उत्तम असून त्या दिवशी सभागृहातला प्रकाश दोषी होता, असा दाखला लगेच पाठव. सही ठळक कर. शिक्का कोणत्याही रंगाचा चालेल.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून या चार ओळी. दाखला पाठवू नका. परवा मालकांचा फोन आला होता, यांना नाही, मला. सभागृहात ज्या बाईंना पहिल्यांदा खरा रंग दिसला त्या छटा विभागात बसतील का, असं विचारत होते. मी हो म्हटलं आहे. सोमवारपासून जायचं आहे. यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही मोठ्या, त्यातून डॉक्टर, वाईट बातमी सांगायचा तुम्हाला सराव असेल. तेवढं रविवारच्या आत फोन करून सांगून टाका. आणि सांगताना म्हणावं, दुपारचा डबा दोघांनी एकत्रच खायचा, पण प्रमुखांच्या टेबलावर.