अर्थ वर्गाने सांगायचा

लातूर,
दि. ४ ऑगस्ट २०२५

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र शनिवारी पोचलं. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तू नुसतं कपाळ दाखवतेस, म्हणून आपलं पत्रच बरं.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन आज तेवीस दिवस झाले. तू दवाखान्यात पाहून गेलीस त्यापेक्षा तब्येत पुष्कळ बरी आहे. उजवा हात वर जातो, काठी घेऊन फाटकापर्यंत चालतात, भाकरी दुधात कुस्करून दिली की आपल्या हाताने खातात. पण वाचा आलेली नाही. आपलं बोलणं सगळं समजतं, उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि नुसता आं असा आवाज निघतो. मग मान फिरवून खिडकीकडे बघत बसतात. एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, आत्या. मला बघवत नाही.

वाचा-उपचाराच्या मॅडम म्हणतात, पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे, यायचं ते बहुतेक त्यातच येतं. जे आयुष्यभर तोंडात बसलंय ते आधी बाहेर पडतं. कुणाचे पाढे, कुणाची प्रार्थना. आम्ही त्रिशरण म्हटलं. बाबांनी हात जोडले, ओठ हलले, आवाज नाही. वार, आकडे म्हणून पाहिले, तेच. मग मला त्यांच्या इंग्रजीच्या ओळी आठवल्या. शिरूर अनंतपाळच्या शाळेत ते यमकाचे शब्द अर्थासकट म्हणून घ्यायचे ना? बॉल चेंडू, वॉल भिंत, टॉल उंच, फॉल पडणे. तर रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसते आणि विचारते, बाबा, बॉल म्हणजे काय? ते माझ्याकडे बघतात आणि डोळे मिटून घेतात.

आता एक सांगते, रागावू नकोस. मार्चपर्यंत ते आमच्या धम्मप्रियालाही, मी ऑफिसातून यायच्या आत, अशाच ओळी शिकवायचे. मग तिच्या इंग्रजी शाळेतून तक्रार आली की सात वर्षांची पोरगी वाचताना प्रत्येक शब्दामागे मराठी अर्थ पुटपुटते. मी वैतागले आणि बाबांना म्हणाले, तुमचं जुनं इंग्रजी आता चालत नाही, तिला शिकवू नका. पोरीलाही दटावलं. त्या दिवसापासून एकही ओळ बाबांच्या तोंडून निघाली नाही. मला वाटतं, ते माझ्यावर रुसलेत. माफी मागायला म्हणून जवळ जाते आणि त्यांचा चेहरा बघून परत येते. त्यांना मला रागावतासुद्धा येत नसेल तर माफी मागून काय करू?

लवकर लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुझी भाची लुंबिनी


हदगाव,
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. सोयाबीन फुलावर आलंय, आणि माझा गुडघा पावसाळाभर कुरकुरतोय, त्याची बातमी करण्यात अर्थ नाही.

आधी चार शब्द ऐकून घे. तू त्याला तसं बोलायला नको होतंस. तुझी बँकेतली फडाफडा इंग्रजी ज्या पगारावर उभी राहिली, तो पगार त्याच जुन्या इंग्रजीचा होता. झालं, बोलले. आता हे ऐक, की दादा रुसलेला नाही. तो रुसला की आधी जेवण सोडतो, आणि तू तर लिहिलंस की दूधभाकरी खातो.

चूक तुझ्या विचारण्यात आहे, आणि ती तुला कळणार तरी कशी? स्वतःची लेक स्वतःच्या वर्गात नको, लोक मार्कांवरून बोलतात, असा दादाचा नियम होता. म्हणून तू कायम शेजारच्या तुकडीत. त्याच्या ओळी तू भिंतीपलीकडून ऐकल्यास. पलीकडून काय ऐकू येतं? चाळीस पोरांचा गलका. मास्तरचा हळू आवाज कुठे बाहेर येतो?

मी मात्र त्याच्या पहिल्या वर्गातली. नोकरी लागायच्या आधी तो आम्हा चार पोरींना ओसरीवर बसवून शिकवण्याचा सराव करायचा. शब्द तो म्हणायचा, अर्थ आम्ही ओरडायचं. अर्थ वर्गाने सांगायचा, मास्तरने नाही, हा त्याचा कायदा. आम्ही अडलो तर आढ्याकडे बघत उभा राहायचा, पण सांगायचा नाही. तो बॉल म्हणणार, आम्ही चेंडू म्हणणार, आणि आमचा चेंडू कानावर पडल्याशिवाय त्याच्या तोंडून वॉल निघायचं नाही. पुढे नोकरीतही त्याने हेच केलं. आता तू मास्तर होऊन खुर्चीवर बसतेस आणि त्याला पोरगं करून अर्थ विचारतेस. अर्थ त्याच्या तोंडात बसलेलाच नाही, बाई. त्याच्या तोंडात शब्द बसलाय. धम्मप्रियाला हे ठाऊक असणार, पण तू दटावल्यावर ती कशाला बोलेल?

तेव्हा खुर्ची काढ. खाली मांडी घालून बस, पोरीलाही घे, एकटीचा वर्ग होत नाही. दोघींनी मिळून चेंडू म्हणून जोरात ओरडा आणि गप्प राहा. येईलच असं मी म्हणत नाही. मलाही भीती वाटते, सकाळी जाग आली की पहिला विचार दादाचाच असतो. पण करून बघ.

स्वतःही दोन घास वेळेवर खात जा. तुझ्यावर रागावण्याचा हक्क असलेली,
आत्या पंचशीला


लातूर,
दि. १९ ऑगस्ट २०२५

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वॉल आलं! आधी ते सांगितलं, आता बाकीचं.

पोरीला म्हटलं, चल, आजोबांच्या ओळी म्हणू. तर ती दाराकडे बघून विचारते, आई, हे आता चालतं का आपल्या घरात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. आम्ही चेंडू म्हणायचो आणि बाबा आमच्याकडे बघत राहायचे. पण डोळे मिटले नाहीत, एवढं मी लक्षात ठेवलं. तिसऱ्या दिवशी धम्मप्रिया इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या कमलम्मा काय झालं म्हणून फाटकाशी आल्या. बाबांचा जबडा हलला, मान ताठ झाली आणि आवाज आला, वॉल. स्वच्छ. मला भिंत म्हणायचं भानच राहिलं नाही, मी रडत होते. पोरीने म्हटलं. मग टॉल आलं. मग फॉल आलं.

आता किंग राजा, रिंग अंगठी, विंग पंख अशी अख्खी ओळ होते. हेन कोंबडी, टेन दहाही झालं. मॅडम म्हणाल्या, फार चांगलं लक्षण आहे. जीव थोडा भांड्यात पडलाय, आत्या, पण सगळा नाही. पाणी हवं असलं तर बाबा अजून माठाकडे बोट दाखवतात. रांगेतले शब्द येतात, मनातला एक येत नाही. एवढ्यावरच थांबलं तर? आणि माझं बोलायचं ते अजून तसंच राहिलंय.

तुझे उपकार कसे फेडू हे न कळणारी,
लुंबिनी


हदगाव,
दि. २५ ऑगस्ट २०२५

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी ओसरीवर बसून मोठ्याने वॉल म्हटलं. तर समोरच्या साखराबाईने तिच्या अंगणातून भिंत म्हणून उत्तर दिलं. तीही आमच्या माहेरच्या गावची, त्या चौघींतली. मला ऐकू आलं म्हणजे केवढ्याने ओरडली असेल बघ. दोघी म्हाताऱ्या हसून हसून रडलो.

आता पुढचं कर. एक अर्थ मुद्दाम चुकीचा सांगा आणि धरून बसा. बरोबर उत्तर आलं की दादा पुढे जातो. चुकलेलं मात्र त्याला कधी पचलं नाही.

मला लगेच कळव. उपकार वगैरे पुन्हा लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.
आत्या


लातूर,
दि. ६ सप्टेंबर २०२५

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि. बोट नाव, कोट अंगरखा इथपर्यंत आम्ही सरळ गेलो. बाबा गोट म्हणाले. आम्ही दोघी म्हैस म्हणालो. त्यांनी डोळे वटारले आणि पुन्हा गोट म्हणाले. आम्ही पुन्हा म्हैस. धम्मप्रियाला हसू आवरेना, तिने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. तिसऱ्यांदा म्हैस म्हटल्यावर बाबांनी काठी आपटली आणि म्हणाले, न्हाई. शेळी. शेळी हाय ती, गधड्यांनो! आत्या, दोन महिन्यांनी घरात शिवी ऐकली आणि मी पोरीला उचलून नाचले.

त्यानंतर आम्ही रोज चुकतोय. बाबा रोज चिडतात आणि चिडून एकेक शब्द जास्त बोलतात. रविवारी पाणी म्हणाले. परवा दार लाव म्हणाले. जीभ जड आहे, मध्येच शब्द हरवतो, पण मॅडम म्हणतात आता काळजीचं कारण नाही, वेळ लागेल इतकंच. दोन महिने मी धड झोपले नव्हते, आता पाठ टेकली की झोप लागते.

काल धम्मप्रिया खेळायला गेली होती. वर्गात मी एकटीच. बेल घंटा झालं, वेल विहीर झालं. बाबा टेल म्हणाले. मी सांगणे म्हटलं, आणि मग माझ्याने राहवलं नाही. मार्चमध्ये बोललेलं सगळं काढलं. म्हटलं, बाबा, मी चुकले, तुमच्या ओळी जुन्या नव्हत्या, मला त्या कधी नीट ऐकूच आल्या नव्हत्या. मला रागवा, पण माफ करा. हुंदके आवरेनात.

बाबा बराच वेळ शब्द शोधत होते. ओठ उघडायचे, मिटायचे. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, रडू नको. मी डोळे पुसेपर्यंत ते थांबले. मग पाठ सरळ केली, सेल म्हणाले, आणि आढ्याकडे बघत अर्थाची वाट पाहू लागले.

तुझी माया आम्हा सगळ्यांवर राहू दे.
तुझी लुंबिनी