रेडिएटरमधले बुडबुडे

मंगळवार, संध्याकाळ

बुडबुडे थांबलेच नाहीत.

दुपारभर अंगणात ट्रकचा रेडिएटर धुतला. बायको, मंदा, नळी धरून उभी होती. आधी विटकरी पाणी आलं, मग पिवळट, शेवटी स्वच्छ. इतकी वर्षं बोअरचं पाणी ओतत आलो, त्याचा गाळ, दुसरं काय. "अहो, आता तर पिण्यासारखं येतंय," मंदा म्हणाली. किती खूश होती!

कूलंट भरलं आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे यायला लागले. म्हटलं, आतली हवा असेल, निघून जाईल. पण येतच राहिले. म्हणजे इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केट गेलंय. कदाचित हेडच. मग पाणी बदलून काय होणार होतं?

मंदा हात पुसत आली. "झाली का हो बरी?"

मी पटकन झाकण लावलं. का लावलं? "झाली," म्हणालो.

उद्या सिमेंट भरून वणीच्या गडावर चढायचंय. अर्ध्या घाटात इंजिन जाम होणार. बुडबुडे अजून डोळ्यांसमोर आहेत.

मंदाने चाकाखाली ठेवायला लिंबू आणलंय. सकाळी ते मीच ठेवायचं.