कार्ड चालू ठेवण्याचं कारण

सोम., ६ जानेवारी
आमच्या होलसेल गोदामाच्या हेड ऑफिसची यादी आली. ज्यांचा धंद्याचा कागद जुना झाला, त्यांची आत यायची कार्डं ३१ ला बंद. कार्ड काउंटरला मी बसते, म्हणून फोनही मीच करायचे. मॅनेजर सर हैदराबादचे, माझ्याशी हिंदीत बोलतात. "वैशाली मॅडम, प्यार से बोलो. कस्टमर टूटना नहीं." कार्ड तोडायचं, कस्टमर तोडायचा नाही.
यादीत एक नवा रकाना पण आहे. प्रत्येकाला विचारायचं की आमच्याच गोदामात का येता? भाव, माल, पार्किंग, सवय, इतर. एकावर टिक मारायची.
यादीत सुमन मावशीचं नाव. नात्यातली नाही, जुनी गिऱ्हाईक. पुढे 'मेस, बस स्टँडमागे'. मेस बंद होऊन दोन वर्षं होत आली. मला माहीत आहे, गेटवरच्या राजन्नाला माहीत आहे. फक्त कॉम्प्युटरला माहीत नव्हतं.
तिला फोन नाही केला. गुरुवारी येतेच.

मंगळ., ७ जाने.
आज माझी सुट्टी, पण यादी घरी आणली. अकरा फोन.
नार्नूरचा लग्नातला आचारी: "पोत्यावर जेवढं लिवलं तेवढंच भरते, बाई. बाकी काय पायजे?" माल.
हायवेवरचा ढाबेवाला: "कार्डाचे भरले ना एकदा, मग दुसरीकडं जायला जीवच होत नाई." याला कुठं टिक मारायची? सवय.
बचत गटाच्या अध्यक्ष: "आमी सातजणी ऑटो करून येतो. घरी सांगतो का माल आणाले चाललो." आणि खूप हसल्या. सवय.
चिडलं कोणीच नाही. सगळे म्हणाले, कागद आणून देतो, कार्ड तेवढं बंद करू नका. मला वाटलं होतं लोक स्वस्त म्हणून येतात.

गुरु., ९ जाने.
मावशी अकराला आली. नेहमीसारखीच. पांढरी साडी, निळी किनार. गेटवर कार्ड दाखवलं, राजन्ना म्हणाला, "नमस्ते सुमन मॅडम." मग मोठी ट्रॉली. छोटी घे म्हटलं तर ऐकत नाही. सगळ्या रांगा फिरते. डाळी, तेल, साबण, जिथं काहीच घ्यायचं नसतं ती प्लास्टिकच्या टबांची रांगसुद्धा. एक तास. ट्रॉलीत शेवटी पोह्याचं पाकीट आणि साबण.
काउंटरवर बोलावून सांगितलं. मेसचं लायसन नवीन लागेल, नाहीतर ३१ नंतर...
"नाईतर काय?"
"नाहीतर आत येता येणार नाही, मावशी."
तिने कार्ड हातात फिरवलं. "फोटो तं माह्याच हाय."
मी म्हटलं, फोटो तुमचाच आहे, पण कार्ड धंद्याचं असतं. घरापुरतं घेणाऱ्याला देत नाहीत.
"आणतो कागद," म्हणाली. कुठून आणणार?

सोम., १३ जाने.
मावशी आली, आज गुरुवार नाही तरी. प्लास्टिकच्या पिशवीत जुनं लायसन, घडीवर फाटलेलं. मेसच्या पाटीचा फोटो. आणि वहीच्या कागदावर दोन माणसांच्या सह्या, आम्ही सुमनबाईंच्या हातचं जेवतो म्हणून. बस स्टँडवरचे दोन ऑटोवाले.
"आता सकाळी दोघायले डबा देऊन राह्यली मी. म्हंजे धंदा झाला का नाई?"
सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले, घाई नाही केली. मग म्हणाले, "अम्मा का सब सच है. लेकिन सिस्टम में लायसन नंबर डालना पड़ता. मैं क्या डालूँ?"
मी कागद घडी घालून परत पिशवीत ठेवले.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. सुट्टी. तिळगूळ घेऊन मावशीकडे गेले, नवीन लायसनचा फॉर्म भरायला. एक खोली, पुढे पडवी. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी नांदेडला दिलेली. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आणि पडवीत मेसची मोठी भांडी पालथी घातलेली. गुडघ्यांचं दुखणं वाढलं तेव्हा मेस बंद केली. तरी गोदामात तासभर चालते!
फॉर्मला घरमालकाचं पत्र लागतं. घरमालक शेजारीच. मी बोलले. ते चांगले वागले, चहा दिला, पत्र नाही दिलं. "धंदा म्हटलं का घरपट्टी बदलते, पोरी. आन मंग धूर. म्हाताऱ्या बाईले आता काऊन पायजे हे?"
परत येऊन मावशीला मीही तेच विचारलं. गल्लीच्या तोंडाशी किराणा आहे, पाच पावलांवर. पोहे तिथंही मिळतात. मग गोदामच काऊन?
मावशी पडवीत बसली. मग म्हणाली...
उद्या लिहीन. आज नाही लिहवत.

बुध., १५ जाने.
तिचंच बोलणं, आठवतं तसं लिहिते.
"आमच्या गावाले दुकान होतं. माय मले धाडे मीठ-मिरचीले. पायरीच्या खाली उभं राहाचं. पैसे फळीवर ठेवाचे. तो पाणी शिंपडून उचले. मंग मी परकर पसरो, तो वरून टाके. एक डाव परकर निसटला. मीठ खाली मातीत. दुसरं नाई देल्लं त्यानं. मातीतून येचलं मी, दोन्ही हातानं. सात-आठ वर्साची असन."
मी म्हटलं, आता तसं नाही ना मावशी, शहरात.
"नाई. आता कोणी तसं करत नाई. हा गल्लीतला चांगला हाय, मावशी मावशी करते. पण मागून घ्या लागते ना, बाई. तो काढून देते, मी घेतो. मी गोदामात पयल्यांदा गेली ना, तं म्या तिथल्या माणसाले विचारलं, हे कोण काढून देईन? तो म्हणे, आप ही लो, मॅडम. हात लावा, पाहा, नाई आवडलं तं वापस ठेवा. म्या तूरडाळीचं पाकीट उचललं आन वापस ठेवलं. पुन्हा उचललं. कोणी काई म्हटलं नाई."
मग म्हणाली, "तुले हसू येईन."
हसू नाही आलं.
मग सहज विचारलं तिने, तुहे बाबा काय करतात?
मी म्हटलं, शेती.
शेती आहेच. पण दुकान पण आहे. आजोबांपासूनचं, आमच्या गावात पाराजवळ.

गुरु., १६ जाने.
सकाळी बाबांना फोन केला. विचारलं, आजोबांच्या वेळी आपल्या दुकानात फळी होती का?
"कायची फळी?"
"पैसे ठेवायची. वेगळी."
बाबा म्हणाले, "तवा सगळीकडंच होतं तसं. आता काऊन काढून राह्यली?"
"तुम्ही पाहिलं होतं?"
"मी लहान होतो." आणि लगेच, कापूस अजून विकला नाही, भैंशाच्या बाजारात न्यावा का, आईचे पाय दुखतात. मग फोन ठेवला.
आज मावशी आली तर तिच्याकडे नीट पाहता आलं नाही. ती मात्र माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती.
खाल्लं. काय करणार?

सोम., २० जाने.
यादी पूर्ण करून दिली. मावशीच्या ओळीत किती वेळ पेन धरून बसले. भाव नाही. माल नाही. पार्किंग तर नाहीच. शेवटी 'इतर'. पुढे जागा एका शब्दाची.
सरांनी विचारलं, "इतर मतलब?"
सांगितलं. माझ्या तोडक्या हिंदीत, भर ऑफिसात. सर ऐकून घेत राहिले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, हेड ऑफिसला मेल करतो, खास केस म्हणून. माझ्यासमोरच केला.

सोम., २७ जाने.
मेलचं उत्तर. दोन ओळी. नियम सगळ्यांना सारखा.
सारखा!
सर म्हणाले, "सॉरी." मला का सॉरी?

गुरु., ३० जाने.
शेवटचा गुरुवार. मावशीला माहीत आहे. आज दोन तास फिरली. मी मागे मागे. मोठ्या तेलाच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, मेस होती तवा असे डबे घेऊन जाओ मी. मग दुसऱ्या रांगेत गेली. ट्रॉली रिकामीच परत लावली.
"काही घेतलं नाही, मावशी?"
"पाह्याले आली होती."

गुरु., ६ फेब्रुवारी
वाटलं येणार नाही. आली.
मशीनवर लाल लाइट. राजन्नाने माझ्याकडे पाहिलं, मी खाली. त्याने हात आडवा नाही केला. "मॅडम, थोडा..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मागे लोक उभे. मावशी बाजूला सरकली, सगळ्यांना वाट करून दिली.
मी धावत बाहेर गेले. म्हटलं, मावशी, स्टाफला माल मिळतो. काय पाहिजे ते सांगा, दर गुरुवारी मी घरी आणून देते. पोहे, साबण, काहीही. मी स्वतः.
तिने माझ्या गालावर हात फिरवला. राग नाही, काही नाही.
"तू आणून देशीन. म्हंजे पुन्हा कोणी देईन तवा घ्याचं, हेच झालं ना, बाई."
ऑटो मिळाला नाही तिला. त्या गुडघ्यांनी हायवेच्या कडेनं चालत गेली. मी काउंटरला परत. नवीन कार्डासाठी चारजण रांगेत होते.

शनि., ८ फेब्रु.
फोनवर आई विचारते, काय झालं. काय सांगू, एका बाईचं कार्ड बंद झालं?

मंगळ., ११ फेब्रु.
सुट्टी. मावशीकडे गेले. ठरवून गेले होते, दुकानाचं सांगायचं. आजोबांचं, फळीचं.
ती तयार होऊन पडवीत बसलेली. सोमवारी एकटीच म्युनिसिपालटीत जाऊन आली. घरमालकाच्या पत्राशिवाय अर्ज घेतला नाही, पण तिथला कारकून म्हणाला, बुधवारी साहेब येतात, त्यांना भेटा. भेटून काही होईल असं मला वाटत नाही. तिला वाटतं.
"साहेबाले मराठी येत नाई, तेलगूत बोला लागन. मले तेवढं जमत नाई, तू शाळेत शिकली. तू येशीन का उद्या?"
सांगायचं होतं ते राहूनच गेलं. हो म्हटलं.
उद्या माझी ड्यूटी आहे. आठवड्याची सुट्टी आजच झाली, जादा रजा उरली नाही. सरांना अजून विचारलं नाही. तिला दहाला म्युनिसिपालटीच्या दारात यायला सांगितलंय.