आधी घर रिकामं करा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या चर्चची मंडळी उपदेशात पेंगते हे वाचून हसू आलं. लहानपणी तू गोष्ट सांगायला लागलास की मीही पेंगायचेच, त्यांना बोल लावू नकोस.

हसू तेवढ्यापुरतंच. आपल्या शिलाई कारखान्याच्या मागच्या भिंतीला भेग गेलीय. आधी ओल आली, मग हिरवट-तांबूस डाग पडले, पोपडे निघाले. मी वरून रंग मारून मोकळी झाले. आता त्याच डागांतून भेग वर चढलीय आणि तिच्यात माझं बोट जातं. कापडाचं कपाट ओढून मी तिच्यापुढे लावलंय. त्या भिंतीला लागूनच बायका मशीनवर बसतात आणि बरोबर वरच्या खोलीत आप्पा झोपतात. माझा जीव टांगणीला लागलाय.

तू म्हणशील, नगरपालिकेला कळव. समोरच्या सुताराने कळवलं होतं. इंजिनियर आला, त्याच दिवशी दाराला सील लागलं आणि त्याचे रंधे, करवती, सगळं आत अडकलं. आज तो दुसऱ्याच्या दुकानात मजुरी करतोय. आमच्या मशीनी अडकल्या तर या बायकांनी खायचं काय? शाळेच्या गणवेशांचं काम अर्ध्यावर आहे. आप्पांना तर सांगायची सोयच नाही. भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. वडील एवढे मोठे गवंडी, त्यांच्या भिंतीला नाव ठेवायची माझी छाती होत नाही.

कुणाला बोलू नकोस, पत्र फाडून टाक. माया आहे तशी असू दे.

तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. दोनदा वाचलं. बोट जाईल एवढी भेग, आणि तू तिच्यापुढे कपाट लावतेस! भिंतीला पडदा केला की ती पडायची थांबते का?

रागावू नकोस, पुढे वाच. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात चौदावा अध्याय आहे. त्यावर मी आजवर कधी बोललो नाही, दुसरं कुणी बोललेलंही ऐकलं नाही. तिथे आलं की आम्ही सगळे पाळक मुकाट्याने पानं उलटतो. घराच्या भिंतीला हिरवट-तांबूस चट्टे पडले तर काय करायचं, त्याचे नियम आहेत. मला ती नुसती बुरशीची कटकट वाटायची. तुझे डाग वाचले आणि पुस्तक काढलं.

मालकाने स्वतः याजकाकडे, म्हणजे त्या काळच्या पुरोहिताकडे, जायचं आणि सांगायचं, की घरात मला चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. याजक लगेच आत पाऊल टाकत नाही. तो आधी घर रिकामं करायला सांगतो. कारण तो आत येऊन निकाल देईल तेव्हा घरात जे असेल ते सगळं अशुद्ध ठरेल. म्हणून सामान बाहेर निघेपर्यंत तो थांबतो. ताई, मी ती ओळ इतकी वर्षं ओलांडून गेलो! निवाडा करणाराच म्हणतोय, मी यायच्या आत तुमचं वाचवायचं ते वाचवा. नियम कडक आहे, पण त्याच्या पोटात माया आहे.

तू मनाशी दोनच वाटा धरल्यास. गप्प बसायचं, नाहीतर सगळं गमवायचं. तिसरी इथे लिहिलीय. मशीनी बायकांच्या घरी पोचव आणि मग कळव. आप्पांना आजच खाली आण. मी सांगून ते ऐकणार नाहीत. गवंड्याची थापी सोडून बायबल धरलं तेव्हापासून मी त्यांच्या लेखी बिनकामाचा आहे.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

लांबून उपदेश करणं सोपं असतं, पाळकसाहेब! फार राग आला होता. तरी कपाट सरकवून बायकांना भेग दाखवली. त्यांच्यातली चष्मेवाली माझ्यावर कडाडली, की इतके दिवस आम्हाला हिच्या शेजारी बसवलंस?  ओरडून झाल्यावर तिनेच हातगाडी आणली आणि सगळ्या मशीनी घरोघर गेल्या.

आप्पा मात्र हलेनात. तुझा निरोप सांगितला तर म्हणाले, पोराला भिंतीतलं काय कळतं, ती मला पुरून उरेल. त्यांच्या खोलीचं दार आता बसत नाही, चौकट तिरपी झालीय. आज जेवताना वरून त्यांच्या ताटात माती पडली. त्यांनी ती बोटाने बाजूला सारली आणि जेवत राहिले. मला रडूच फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. तरी ते ढिम्म. मग काही सुचेना म्हणून तुझा तो अध्याय काढून मोठ्याने वाचला.

घर रिकामं करायच्या ओळीला त्यांनी मला थांबवलं, परत वाच म्हणाले. मालकाने स्वतः जायचं असंच लिहिलंय का, तेही विचारलं. मग उठून ओळंबा काढला आणि भिंतीला लावला. दोरी सरळ, भिंत कललेली.  शेवटी अंथरूण गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, नगरपालिकेच्या ऑफिसात मीच जातो, भिंत माझी आहे.

ते आता तिकडेच गेलेत. मी रस्त्यावर ट्रंकेवर बसून हे लिहितेय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लावून घे. माझी आठवण ठेव.

ताई

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आधी हे वाच, कुणाला काही झालेलं नाही. भिंत पडली. इंजिनियर त्याच दिवशी सील लावून गेला होता. काल दुपारी मागची बाजू वरच्या खोलीसकट खाली आली. आप्पांची खाट असायची तिथे आता आभाळ दिसतं. मशीनींच्या जागेवरचा ढीग बघून चष्मेवालीने मला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी भर रस्त्यात रडलो. गणवेश त्या घरून शिवताहेत.

आम्ही सुताराच्या घरी आहोत. पण आप्पांचं काही खरं नाही. ढिगाऱ्याशी जाऊन विटा उलट्यासुलट्या करून बघतात. म्हणतात, माझ्या भिंतीने त्या बायकांना मारलं असतं. कालपासून अन्नाला शिवलेले नाहीत. आज एकदाच बोलले. त्या अध्यायात गवंड्याला काय शिक्षा लिहिलीय ते धाकट्याला विचार, म्हणाले. तू ती मुद्दाम वगळलीस असं त्यांना वाटतंय. खरं असेल तेच लिही. गोड करून लिहिलंस तर त्यांना लगेच कळेल.

वाट बघतेय.

ताई

ता. १८ मार्च

ती. आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

मी थापी सोडल्यापासून तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न. म्हणून उत्तर तुम्हालाच लिहितो.

अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात दगड आहेत, लाकूड आहे, माती आहे. घर पाडावं लागलं तर ते सगळं नेऊन कुठे टाकायचं, तेही आहे. चट्टा कुणी पाडला ते सांगताना देव म्हणतो, मी पाडला. ती ओळ मला नीट कळलेली नाही आणि कळल्याचं सोंग तुमच्यापुढे करणार नाही. पण गवंड्याला शिक्षा कुठेही नाही. त्याला कुणी बोलावून जाब विचारत नाही. मी काही वगळलेलं नाही, आप्पा.

गवंड्याचं काम त्यात एकाच ठिकाणी येतं. खराब दगड काढले की त्यांच्या जागी दुसरे बसवायचे आणि घराला नवा गिलावा करायचा, असं लिहिलंय. हे गवंड्याशिवाय कोण करणार?

मी शनिवारी येतो. परवानगी मिळाली की भिंत आपण दोघं उभी करू. विटा मी उचलून देईन, ओळंबा तुम्ही धरा. माझं काम वाकडं गेलं तर पूर्वीसारखं खुशाल ओरडा.

ताई हे तुम्हाला वाचून दाखवत असेल. तिनेही काही खाल्लेलं नसणार. आता दोघं जेवून घ्या.

तुमचा आशीर्वाद मागणारा,

धाकटा