रीती भूतकाळ

प्रिय दादा,

उद्या मला घ्यायला विमानतळावर येऊ नकोस. हे आधीच लिहून टाकते, कारण माझ्या पत्रात मुद्दा यायच्या आत पानं संपतात असं तूच म्हणतोस. मी टॅक्सी करून घरी येईन. का ते सांगते, पण मध्येच फोन करू नकोस, शेवटपर्यंत वाच. हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण फोनवर मला खरं बोलता येत नाही आणि तुला तर मुळीच येत नाही. तू आधी घसा खाकरतोस आणि मग बोलतोस. लहानपणी फुटलेल्या काचेचं खापर मांजरावर फोडतानाही असाच खाकरायचास.

खोली रिकामी झाली आहे. गादीवरची चादर काढली की खोली लगेच परकी होते. घरमालकीणबाई सकाळी तपासणीला येऊन गेल्या. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक सापडल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भिंतच पाडली. मग शेगडीच्या मागे वाकून बघितलं, तिथे काहीच घाण निघाली नाही म्हणून जरा हिरमुसल्या. जाताना मात्र दारात थांबून त्यांनी विचारलं, की घरी कोण कोण वाट बघतंय. मी सांगितलं, आई, बाबा, दादा, वहिनी. परक्या भाषेत असं काहीही सांगता येतं. त्या गेल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. खाली बसडेपोत बसगाड्या धुवायचं काम चाललं होतं, आभाळ पोतेऱ्यासारखं झालं होतं, आणि मला या शहरातून जावंसं वाटत नव्हतं. तुला आश्चर्य वाटेल. पहिल्या वर्षी रोज रडून परत बोलवा म्हणणारी मीच ना!

दुपारी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कपाटाची किल्ली परत केली. तिथे भिंगं घासायच्या यंत्रांवर पाणी सतत गळत असतं आणि सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या असतात. हे बघायला बाबा हवे होते. आपल्या दुकानातल्या त्या एका यंत्राला ते हत्ती म्हणायचे, इथे हत्तींचा कळपच आहे. कपाटात बाबांचा चष्मा होता. मी स्वतः घासलेली भिंगं, स्वतः वळवलेल्या काड्या, आणि त्यांचं नाक डावीकडे जरा वाकडं म्हणून त्या बाजूची नाकावरची गादी किंचित जाड. मोठ्या फ्रेमच्या हट्टाला पेटलेल्या गिऱ्हाइकाला ते ऐकवायचे, नाकापेक्षा चष्मा जड घेऊ नका हो. म्हणून हलकी फ्रेम शोधली. चष्मेवाल्याच्या पोटी भिंग नाही, भिंगरी जन्माला आली, असं चारचौघांत सांगणाऱ्या माणसाला दाखवायचं होतं, की भिंगरीला भिंगंही येतात. शिकवणारे सर चष्मा उजेडात धरून म्हणाले, काम चोख आहे, वडील खूश होतील. मी मान हलवली.

दादा, मला माहीत आहे. परीक्षेच्या आधीपासून माहीत आहे.

फ्रेमचा रंग ठरवायचा होता, म्हणून मी आईला फोन केला होता. काळी घेऊ की तपकिरी? आई म्हणाली, "तपकिरी घे. त्यांना तपकिरीच आवडायची." मग म्हणाली, "आवडते." आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवला. सगळा जन्म शाळेत मराठी शिकवलेली बाई. आपल्याला जेवताजेवता काळ विचारायची, एक क्रियापद चुकलं तरी घास अडवायची. ती क्रियापदात चुकेल? ती चुकली नव्हती, खरं बोलून गेली होती. रीती भूतकाळ: जे नेहमी घडायचं आणि आता घडत नाही. मी तिथेच वर्कशॉपच्या जिन्यात बसून राहिले.

तरी मन मानत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की आईने बाबांची तक्रार करणं बंद केलं आहे. आठवतं ना, बाबा स्वतः कधी फोनवर येत नसत आणि आईचं आधी दुसरं काही नसायचं. वेळेवर जेवत नाहीत, दुकानातून हलत नाहीत, गोळ्या घेत नाहीत. आता बाबा एकदम गुणी झाले होते. तेव्हा मात्र खात्री पटली. मला तुमचा खूप राग आला, तुझा सगळ्यात जास्त. मला कळतं, जाताना बाबांनीच सांगितलं असणार, पोरीची परीक्षा होऊ द्या. मग निकाल होऊ द्या, मग घरी येऊ द्या. पण रडायला माझी जागा तुमच्यात होती. मी इथे नळ सोडून रडले, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

खडसावून विचारावं असं ठरवूनच मी पुढचा फोन केला. पण तोंडातून सवयीने निघालं, बाबा जेवले का? आई म्हणाली, जेवले. दादा, त्या एका शब्दात तिचा आवाज कसा झाला होता, तू शेजारी असशील तर तुलाही ऐकू आलं असेल. मग मी रोज विचारू लागले. जेवले. जेवून जरा पडलेत. हळूहळू ती रंगत गेली. भाजी मागून घेतली. मीठ कमी आहे म्हणाले. परवा तर तिने चक्क कुरकुर केली, दोनदा हाक मारली तरी पानावर आले नाहीत म्हणून. तू तिच्या हातातून फोन काढून घेतलास आणि खाकरलास. मला तुझा चेहरा दिसत होता.

मी इथे होते, म्हणून ते त्या घरात जेवत होते. उद्या मी दारात उभी राहिले, की आईला माझ्या तोंडाकडे बघून तो शब्द म्हणता येणार नाही. तुम्ही बाबांना एकदा पोचवून आलात, आईला मात्र त्यांना उद्या पुन्हा पोचवावं लागणार, आणि ते माझ्या येण्याने. म्हणून तू विमानतळावर नको. मला सावरायला माणूस नको आहे, तू तिच्याजवळ बस. मला माहीत असल्याचं तिला सांगू नकोस, तिचं तिला सांगू दे. आता हे पाठवलं की निघायच्या आधी मी तिला शेवटचा फोन करणार आहे आणि रोजचंच विचारणार आहे. ती कितीही वेळ बोलली तरी आज तिच्या हातातून फोन घेऊ नकोस. आज त्यांना पोटभर जेवू दे.

तुझीच,
भिंगरी